हसऱ्या चेहऱ्याची वंशावळ

माथेरानच्या रस्त्यांवर किंवा घारापुरीच्या पायऱ्यांवर एखादे माकड पर्यटकांकडे पाहून दात दाखवते, तेव्हा ‘बघा, कसे हसते आहे’ असे उद्गार हमखास ऐकू येतात. वस्तुतः ते माकड हसत नसते. आवाज न काढता, ओठ मागे ओढून दाखवलेले दात हे मकाक जातींच्या माकडांमध्ये बहुधा भीतीचे आणि माघारीचे चिन्ह असते. ‘मला भांडायचे नाही’ एवढाच त्याचा आशय. छायाचित्रासाठी उभा राहिलेला माणूसही ओठ मागे ओढून दातच दाखवतो. पाहणाऱ्याला मात्र त्यात मैत्री दिसते. चेहऱ्याची ठेवण जवळपास तीच, पण अर्थ निराळा. हे साम्य योगायोगाचे आहे की त्यामागे रक्ताचे नाते आहे, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञांना दीडशेहून अधिक वर्षे खुणावतो आहे.

आजवर हाती आलेले उत्तर थोडक्यात असे आहे. चेहरा हलवणारे स्नायू फार जुने आहेत आणि माणूस व त्याचे नरवानर गणातील भाऊबंद यांच्यात ते बव्हंशी सामाईक आहेत. त्या स्नायूंच्या हालचालींना लाभलेला अर्थ मात्र प्रत्येक जातीच्या समाजजीवनानुसार बदलत गेला आहे. चेहरा हा मनाचा आरसा आहे, ही सर्वमान्य समजूत त्यामुळे अपुरी ठरते. चेहरा हा आधी समोरच्याला दिलेला संदेश आहे आणि तो कोणाला, कोणत्या प्रसंगी दिला आहे, हे समजल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही.

डार्विनची प्रश्नावली

स्कॉटिश शल्यचिकित्सक व शरीररचनातज्ज्ञ चार्ल्स बेल यांनी १८०६ साली चित्रकारांसाठी मुखभावांच्या शरीररचनेवर एक ग्रंथ लिहिला. चेहऱ्याचा अर्धा भाग एकाएकी लुळा पडण्याच्या विकाराला आज ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात, ते याच बेल यांच्या नावावरून. मानवाच्या चेहऱ्यातील काही स्नायू केवळ भावना व्यक्त करण्यासाठीच निर्मात्याने त्याला बहाल केले आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. चार्ल्स डार्विन यांना हे मान्य होण्यासारखे नव्हते. माणूस आणि वानर यांचे पूर्वज एक असतील, तर त्यांच्या मुखभावांतही तो वारसा दिसायला हवा, असा त्यांचा तर्क होता. १८३८ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी जेनी नावाची ओरँगउटान पाहिली. रखवालदाराने सफरचंद दाखवून ते दिले नाही, तेव्हा तिने हट्टी मुलासारखा आकांत मांडला. हे निरीक्षण त्यांनी पत्रात बहिणीला कळवले.

फ्रान्समध्ये ड्यूशेन या वैद्यकाने चेहऱ्याच्या निरनिराळ्या स्नायूंना विजेचा सौम्य झटका देऊन त्यांची कार्ये शोधली आणि १८६२ साली ती छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. मनापासून आलेल्या हास्यात ओठांचे कोपरे वर खेचणाऱ्या स्नायूबरोबरच डोळ्यांभोवतीचा वर्तुळाकार स्नायूही आकुंचन पावतो आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात, हे त्यांचे निरीक्षण. अशा हास्याला आजही त्यांचेच नाव आहे. डार्विन यांनी ड्यूशेन यांची छायाचित्रे वीसहून अधिक व्यक्तींना दाखवून ‘यात कोणती भावना दिसते’ असे विचारले. आजच्या मानसशास्त्रातील अनेक प्रयोगांचा साचा याच प्रयोगात सापडतो.

डार्विन यांनी आणखी एक मार्ग अवलंबला. १८६७च्या सुमारास त्यांनी १६ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभरातील मिशनरी, अधिकारी आणि वसाहतवाले यांना पाठवली. आश्चर्य वाटले असता डोळे आणि तोंड उघडते काय, लाजेने चेहरा लाल होतो काय, असे ते प्रश्न होते. त्यांना ३६ उत्तरे आली. त्यांत कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातील स्कॉट यांचे उत्तर होते आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे राहणाऱ्या अर्स्किन यांचेही होते. अर्स्किन यांनी स्थानिक लोकांच्या मुखभावांकडे लक्ष पुरवले, पण खात्रीलायक निष्कर्ष काढणे त्यांना अवघड गेले. युरोपीय माणसासमोर इथले लोक आपल्या भावना सवयीनेच झाकून ठेवतात, असे कारण त्यांनी दिल्याची नोंद डार्विन यांच्या १८७२ सालच्या ‘द एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स इन मॅन अँड अ‍ॅनिमल्स’ या ग्रंथात आहे.

डार्विन यांना ही माहितीच्या मार्गातील अडचण वाटली. आज मागे वळून पाहता तीच महत्त्वाची माहिती होती, असे म्हणावे लागते. राज्यकर्त्यासमोर निर्विकार राहणारा अहमदनगरचा रहिवासी आपल्या घरात, आप्तेष्टांत तसाच निर्विकार राहत असेल, असे मानण्याचे कारण नाही. समोर कोण आहे यावर चेहरा अवलंबून असतो, ही गोष्ट त्या त्रोटक नोंदीत आधीच आलेली होती.

कल्ल्यांपासून गालांपर्यंत

शरीरातील बहुतेक स्नायू हाडाला हाड जोडतात. चेहऱ्याच्या भावदर्शक स्नायूंचे तसे नाही. ते एका बाजूने त्वचेत गुंफलेले असतात, म्हणूनच त्यांच्या आकुंचनाने त्वचेवर घड्या, खळ्या आणि सुरकुत्या उमटतात. माणसाच्या चेहऱ्यात अशा स्नायूंच्या सुमारे २० जोड्या असून त्या सर्वांना मेंदूकडून येणारा सातव्या क्रमांकाचा मज्जातंतू चालवतो. गर्भावस्थेत हे स्नायू घशाजवळच्या दुसऱ्या कमानीपासून तयार होतात. माशांमध्ये याच कमानीपासून कल्ल्यांच्या हालचालीशी निगडित भाग बनतात. श्वसनासाठी आणि गिळण्यासाठी असलेली ही यंत्रणा सस्तन प्राण्यांत मानेवरून चेहऱ्यावर पसरली आणि दूध ओढणे, कान वळवणे, मिशा हलवणे अशा कामांना जुंपली गेली. भावप्रदर्शन हा तिचा बराच नंतरचा उपयोग.

नरवानर गणातही सर्वांचे चेहरे सारखे बोलके नाहीत. लोरिस आणि लेमूर यांच्या नाकाचा शेंडा कुत्र्याच्या नाकासारखा ओलसर असतो आणि वरचा ओठ मध्यभागी हिरडीशी जखडलेला असतो. यांपैकी अनेक जाती निशाचर आहेत. अंधारात गंध आणि आवाज यांचाच भरवसा असल्याने चेहऱ्याच्या सूक्ष्म हालचालींना तेथे फारसा वाव नाही. माकडे, कपी आणि माणूस यांच्या शाखेत मात्र ओलसर नाक नाहीसे झाले आणि वरचा ओठ मोकळा झाला. दिवसाचे जगणे, पुढे रोखलेले डोळे आणि तीक्ष्ण दृष्टी यांच्या जोडीने चेहरा हे संदेशाचे प्रमुख साधन बनले.

अ‍ॅन बरोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली चिंपँझीच्या चेहऱ्याचे काळजीपूर्वक विच्छेदन केले, तेव्हा माणसाच्या चेहऱ्यातील जवळपास सर्व स्नायू तेथे आढळले. माणसासाठी निर्मात्याने राखून ठेवलेल्या स्नायूंची बेल यांची कल्पना या पुराव्यापुढे टिकत नाही. मुखभावांचे मोजमापही आता नेमकेपणाने करता येते. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ साली मानवी चेहऱ्याच्या प्रत्येक दृश्य हालचालीला क्रमांक देणारी संकेतप्रणाली प्रसिद्ध केली. त्याच धर्तीवर २००७ साली चिंपँझीसाठी आणि २०१० साली रेसस माकडासाठी प्रणाली तयार झाल्या. ‘माकड रागावले’ असे मोघम न म्हणता कोणता स्नायू केव्हा हलला हे त्यामुळे सांगता येते आणि दोन जातींची तुलना निरीक्षकाच्या कल्पनेवर सोडावी लागत नाही.

कळप मोठा, चेहरा बोलका

स्नायू सामाईक असूनही काही जातींचे चेहरे अधिक चपळ का, याचे एक उत्तर सेथ डॉब्सन यांच्या २००९ सालच्या अभ्यासातून मिळाले. आकाराने मोठ्या जातींच्या चेहऱ्यावर अधिक प्रकारच्या हालचाली दिसतात, हे एक. आणि शरीराच्या आकाराचा परिणाम वजा केल्यानंतरही मोठ्या गटात राहणाऱ्या जातींचे चेहरे अधिक चपळ असतात, हे दुसरे. ज्याला रोज अनेकांशी जुळवून घ्यायचे आहे, त्याला प्रत्येक वेळी चावा किंवा झटापट परवडत नाही. भुवईच्या एका हालचालीने भांडण टळत असेल तर दोन्ही पक्षांचा लाभच होतो.

२०१४ साली शार्लीन सँटाना, डॉब्सन आणि रुई डिओगो यांनी चेहऱ्याच्या रंगांचाही विचार केला. ज्या जातींचे चेहरे एकरंगी असतात, त्यांच्या चेहऱ्याची हालचाल अधिक वैविध्यपूर्ण असते असे त्यांना आढळले. नक्षीदार पडद्यापेक्षा साध्या पडद्यावर चित्र स्पष्ट उमटते, तसेच हे. माणूस, चिंपँझी आणि गोरिला यांचे चेहरे याच एकरंगी गटात मोडतात.

भीतीचे दात, मैत्रीचे दात

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. डार्विन यांच्या ग्रंथाला बरोबर १०० वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९७२ साली, डच प्राणिवर्तनतज्ज्ञ यान व्हान होफ यांनी हसण्याच्या उगमाविषयी एक महत्त्वाचा विचार मांडला. आपण ‘हसणे’ हा एकच शब्द वापरतो, पण स्मित आणि खळखळून हसणे यांची कुळे मुळात वेगळी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. स्मिताचे मूळ त्यांनी माकडांच्या निःशब्द दात दाखवण्यात शोधले, तर मोठ्याने हसण्याचे मूळ खेळताना तोंड सैलसर उघडण्याच्या मुद्रेत.

रेसस माकडांच्या समाजात उतरंड कडक असते. तेथे दात दाखवणारा जवळजवळ नेहमीच कनिष्ठ असतो आणि ज्याला ते दाखवले जातात तो वरिष्ठ. या मुद्रेवरून कळपातील कोणाचा दर्जा काय, हे अभ्यासकांना विश्वासाने ठरवता येते. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील टोंकियन मकाक या जातीचा समाज मात्र बराच सैल आहे. वरिष्ठ-कनिष्ठांत अंतर कमी आणि समेट वारंवार. तेथे हीच मुद्रा दोन्ही बाजूंनी दाखवली जाते, मैत्रीचे आमंत्रण म्हणून आणि जवळीक साधण्यासाठी. दोन्ही जाती एकाच मकाक प्रजातीसमूहातील आणि मुद्राही तीच. समाजाची घडण बदलताच मुद्रेचा आशय बदलला. ‘मला तुझी भीती वाटते’ याचे रूपांतर ‘मी तुला अपाय करणार नाही’ यात झाले आणि तेथून ‘आपण मित्र आहोत’ हे फार दूर राहिले नाही.

चिंपँझींमध्ये ही मुद्रा भीतीच्या प्रसंगी दिसते, तशीच समोरच्याला आश्वस्त करतानाही दिसते. २०१६च्या एप्रिल महिन्यात नेदरलँड्समधील आर्नहेम येथील प्राणिसंग्रहालयात मामा नावाची वृद्ध चिंपँझी मरणासन्न अवस्थेत होती. तिला दशकानुदशके ओळखणारे व्हान होफ तिला भेटायला पिंजऱ्यात गेले. आधी निपचित पडलेल्या मामाने त्यांना ओळखताच दात दाखवत रुंद मुद्रा केली आणि त्यांच्या डोक्यावर, मानेवर हात ठेवला. या भेटीचे चित्रण जगभर पाहिले गेले. स्मिताच्या उगमाचा सिद्धांत मांडणाऱ्या संशोधकालाच ती मुद्रा निरोप म्हणून लाभली.

माणसाच्या स्मितातही त्या जुन्या अर्थाची छटा उरली आहे. वरिष्ठासमोर कनिष्ठाने ओठांवर आणलेले ओशाळे हसू, धक्का लागल्यावर अनोळखी माणसाला दिलेले क्षमायाचनेचे हसू, चूक पकडली गेल्यावर फुटणारे हसू, यांत आनंदाचा अंश फारच थोडा असतो. समोरच्याचा राग शमावा, हाच त्यांचा हेतू. अशा हास्याला आपण खोटे म्हणतो. परंतु वंशावळीच्या दृष्टीने पाहिले तर तेच स्मिताचे जुने रूप ठरते.

गुदगुल्यांचा कोटी वर्षांचा इतिहास

खळखळून हसण्याची कथा अधिक निर्मळ आहे. चिंपँझींची पिल्ले एकमेकांशी झोंबताना तोंड सैल उघडतात, धापा टाकल्यासारखा आवाज काढतात. ‘हा चावा खेळातला आहे’ असे त्यातून सांगितले जाते. हा संदेश नसेल तर थट्टेची कुस्ती क्षणात खऱ्या मारामारीत बदलू शकते. मरीना डाव्हिला-रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरँगउटान, गोरिला, चिंपँझी, बोनोबो आणि मानवी बालके यांना गुदगुल्या करून त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि त्यांच्या ध्वनिवैशिष्ट्यांवरून नात्यांचा वृक्ष मांडला. तो वृक्ष जनुकांवरून काढलेल्या वंशवृक्षाशी जुळला. हास्याचा उगम १ ते १.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सामाईक पूर्वजापर्यंत जातो, असा निष्कर्ष त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. चिंपँझी श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा हसतात, तर माणूस मुख्यतः श्वास सोडताना हसतो, हा त्यांतील एक ठळक फरक.

हास्य संसर्गजन्य असते, हेही जुनेच आहे. खेळणाऱ्या ओरँगउटानांपैकी एकाने तोंड उघडण्याची मुद्रा केली की समोरचा अर्ध्या सेकंदाच्या आसपास तिचे अनुकरण करतो, असे त्याच संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले होते. मकाक माकडांची माताही पिल्लाच्या चेहऱ्याजवळ तोंड नेऊन ओठांची जलद उघडझाप करते आणि पिल्लू तिला तसाच प्रतिसाद देते. या उघडझापीचा ताल सेकंदाला सुमारे पाच असतो आणि मानवी बोलण्यात तोंडाच्या हालचालीचा तालही त्याच टप्प्यात येतो. त्यामुळे वाणीची लय ओठांच्या अशा मूक मैत्रीसंकेतांतून विकसित झाली असावी, असा तर्क काही संशोधक मांडतात.

माणसाची भर

सामाईक वारशावर माणसाने काही भर घातली आहे. डोळ्यांचेच पाहा. हिरोमी कोबायाशी आणि शिरो कोशिमा यांनी १९९७ साली मांडले की, मानवी डोळ्यातील पांढरा भाग इतर नरवानरांच्या तुलनेत अधिक उघडा आणि रंगहीन असतो, त्यामुळे नजर कोठे वळली हे समोरच्याला चटकन कळते. एकमेकांच्या साहाय्यावर जगणाऱ्या प्राण्याला हे सोयीचे. पुढील अभ्यासांत काही चिंपँझी व अन्य कपींच्या डोळ्यांतही फिकट भाग आढळला. त्यामुळे हा फरक पूर्वी वाटला तेवढा निखळ नाही, हेही नोंदवायला हवे.

भुवयांचीही अशीच कथा आहे. झांबियातील काबवे येथे १९२१ साली सापडलेल्या, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या मानवी कवटीवर भुवयांच्या जागी हाडाचा जाड उंचवटा आहे. रिकार्डो गोदिन्यो, पेनी स्पायकिन्स आणि पॉल ओहिगिन्स यांनी २०१८ साली संगणकीय प्रतिरूपावर तो उंचवटा कमी करून पाहिला. चावताना येणारा ताण पेलण्यासाठी त्याची गरज नव्हती, असे दिसले. तो दर्जा किंवा दरारा दाखवण्याचे चिन्ह असावा आणि पुढे कपाळ सपाट, उभे झाल्यावर भुवयांना मोकळेपणी हलायला जागा मिळाली असावी, असा कयास त्यांनी मांडला. दुरून ओळख देताना क्षणभर उंचावलेली भुवई किंवा सहानुभूतीने आत ओढलेल्या भुवया ही तशी अलीकडची साधने ठरतात.

लाजेने चेहरा लाल होणे ही डार्विन यांच्या मते सर्वांत खास मानवी अभिव्यक्ती. तिच्यात स्नायूंचा भाग नाही. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ती इच्छेने आणता येत नाही आणि थोपवताही येत नाही. दुसरा आपल्याविषयी काय विचार करत असेल, या विचारातून ती उद्भवते. प्रेक्षकाशिवाय तिला जवळपास अस्तित्वच नाही.

फोरे जमात ते नाट्यशास्त्र

मुखभाव सर्व मानवजातीत सारखे आहेत काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. एकमन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतील फोरे जमातीत अभ्यास केला. बाह्य जगाशी फारच थोडा संपर्क असलेल्या या लोकांना छोट्या गोष्टी सांगून त्यांना जुळणारा चेहरा निवडायला लावला, तेव्हा आनंद, दुःख, राग, किळस यांच्या बाबतीत त्यांची निवड पाश्चात्त्यांशी बरीच जुळली. भीती आणि आश्चर्य यांत मात्र त्यांची गल्लत झाली. २००४च्या अथेन्स पॅरालिम्पिकमधील जन्मांध ज्युदोपटूंचे चेहरे जिंकताना व हरताना डोळस खेळाडूंसारखेच होते, हे डेव्हिड मात्सुमोतो आणि बॉब विलिंगहॅम यांनी २००९ साली दाखवले. ज्यांनी कधी कोणाचा चेहरा पाहिला नाही, त्यांच्यातही या मुद्रा उमटतात, म्हणजे त्या केवळ अनुकरणाने आलेल्या नाहीत.

दुसरी बाजूही तितकीच सबळ आहे. कार्लोस क्रिव्हेली आणि सहकाऱ्यांनी ट्रोब्रियंड बेटांवर २०१६ साली केलेल्या अभ्यासात, पाश्चात्त्यांना ‘भीती’ वाटणारा डोळे विस्फारलेला, तोंड उघडलेला चेहरा तेथील लोकांनी धमकीचा मानला. रॉबर्ट क्राउट आणि रॉबर्ट जॉन्स्टन यांनी १९७९ साली बोलिंग खेळणाऱ्यांचे निरीक्षण केले होते. चेंडू नेमका लागला तरी खेळाडू खुंट्यांकडे पाहताना क्वचित हसत. मित्रांकडे वळल्यावर मात्र हसू फुटे. आनंद आधीच झालेला होता, हास्य प्रेक्षक भेटल्यावर आले.

भारतीय परंपरेला यातले काही नवे वाटू नये. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नजरेचे ३६ आणि भुवयांच्या हालचालींचे ७ प्रकार सांगितले आहेत. अभिनेत्याच्या मुद्रेतून प्रेक्षकाला भाव कसा पोहोचावा, हाच तेथील विचाराचा गाभा आहे. अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन आणि पॉल रोझिन यांनी २००० साली याच परंपरेतील अभिव्यक्तींचे चित्रण भारतीय व अमेरिकन प्रेक्षकांना दाखवले. राग, भीती यांबरोबरच लज्जा आणि शांती यांसारखे, पाश्चात्त्य यादीत नसलेले भावही दोन्ही देशांतील प्रेक्षकांनी निव्वळ अंदाजापेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात ओळखले. मुखभावांची संपदा सहा मूलभूत भावनांच्या चौकटीत मावत नाही, एवढे यावरून निश्चित होते.

चेहरा वाचणारी यंत्रे

हा सारा विचार आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. चेहऱ्याच्या चित्रणावरून भावना ओळखण्याचा दावा करणारी संगणकीय यंत्रणा नोकरीच्या मुलाखती, वर्गखोल्या आणि रस्त्यांवर वापरली जावी, असे प्रयत्न गेली काही वर्षे होत आहेत. महिलांच्या चेहऱ्यावरील भेदरलेपण टिपणारे कॅमेरे बसवण्याची योजना लखनौ पोलिसांनी २०२१च्या जानेवारीत जाहीर केली होती. २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. एकच भावना अनेक मुद्रांतून व्यक्त होते आणि एकाच मुद्रेमागे अनेक भावना असू शकतात, त्यामुळे केवळ चेहऱ्यावरून मनोवस्था ठरवणे विश्वसनीय नाही, असा इशारा त्यांनी दिला. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली आपल्या सेवेतील भावना ओळखण्याची सोय मागे घेण्याचे जाहीर केले. युरोपीय संघाच्या कायद्याने २ फेब्रुवारी २०२५पासून कामाची ठिकाणे व शिक्षणसंस्था येथे अशा यंत्रणांना बंदी घातली असून वैद्यकीय आणि सुरक्षिततेच्या कारणांपुरता अपवाद ठेवला आहे.

अशा यंत्राच्या चुकीचा भुर्दंड कोणाला पडेल, हेही लक्षात घेतले पाहिजे. पार्किन्सन या विकारात चेहऱ्याच्या आपोआप होणाऱ्या हालचाली मंदावतात आणि रुग्ण मुखवटा घातल्यासारखा दिसतो. मोबियस या दुर्मीळ जन्मजात विकारात सातवा मज्जातंतूच नीट विकसित होत नाही. त्या व्यक्तीला हसता येत नाही, भुवई उडवता येत नाही. या लोकांच्या भावना इतरांइतक्याच खऱ्या असतात आणि ते आवाज, शब्द, हात यांच्या साहाय्याने त्या व्यक्तही करतात. स्नायूंची हालचाल म्हणजेच भावना, असे समजणारे यंत्र त्यांना कोरडे आणि निरुत्साही ठरवेल. अधिकाऱ्यासमोर दडपणामुळे हसणारा उमेदवार त्याला आनंदी वाटेल, आणि परक्या सत्तेपुढे चेहरा झाकून घेणारा माणूस भावनाशून्य वाटेल.

माणसेही अशीच चूक करतात. मोरोक्कोत आढळणाऱ्या बार्बरी मकाक माकडांचे चेहरे लोकांना कितपत कळतात, हे लेटिशिया मारेशाल यांच्या गटाने २०१७ साली तपासले. या माकडांचा अनुभव नसलेल्यांनी धमकीच्या मुद्रेचा अर्थ अनेकदा मैत्रीपूर्ण किंवा तटस्थ असा लावला. माकडांसोबत काम केलेल्यांच्या चुका बऱ्याच कमी होत्या. पर्यटनस्थळी होणाऱ्या चाव्यांमागे असे गैरसमजही असतात. माकडाने दात दाखवले किंवा तोंड उघडून टक लावून पाहिले, तर हातातला खाऊ पुढे न करता, त्याच्या डोळ्याला डोळा न भिडवता शांतपणे मागे सरणे शहाणपणाचे. चेहऱ्यांतले नाते खरे आहे, पण त्यांची भाषा प्रत्येक समाजात नव्याने शिकावी लागते आणि ती शिकण्यासाठी चेहऱ्याबरोबरच त्याच्या समोर कोण उभे आहे, हेही पाहावे लागते.